मजीदभाईची जीभ

चंपा चौकाच्या पुढे मजीद मिस्तरीचं गॅरेज आहे. चाळीस वर्षांत तिथले पाने बदलले, जॅक बदलले, पण पेट्रोल तपासायचं यंत्र एकच राहिलं: मजीदभाईची जीभ. टाकीत रबरी नळी सोडायची, तोंडानं ओढायची, घोट तोंडाशी येताच थुंकायचं आणि निकाल द्यायचा. "रॉकेल हाय." "पाणी हाय." त्या एका थुंकीवर लोक पंप बदलत. पंपवाले ईदेला न चुकता शिरखुर्मा खायला येत, ते काही उगाच नाही. प्रयोगशाळेच्या साहेबांना जो मान नाही, तो या माणसानं नुसतं थुंकून मिळवला होता, आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता.

मग पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं आणि या यंत्राची पंचाईत झाली. इथेनॉल म्हणजे उसापासून काढलेलं स्पिरिट, हे त्याच्या बायकोला, सगीराला शेजारणीकडून कळलं. जेवण वाढताना ती म्हणाली, "पेट्रोल में शराब डालरे बोलते. कल से नली मुँह कू नको लगाव."

मजीदभाईनं हातातला घास ताटात परत ठेवला. पाच वेळचा नमाजी माणूस. मौलानांना विचारावं, तर आजवर ओढलेल्या घोटांचं काय, असं तेच उलट विचारतील. त्यानं कुणालाच विचारलं नाही. नळी खुंटीला टांगून टाकली.

पंधरा दिवसांनी पाचोडकडचे काकासाहेब आपली वीस वर्षांची जुनी गाडी आचके देत घेऊन आले. बडे बागायतदार, गळ्यात तुळशीची माळ. इथेनॉलसाठी सगळ्यात जास्त ऊस घातला म्हणून दुपारी कारखान्यावर त्यांचा सत्कार होता.

"मजीदभाई, आता परदेशी तेलाची मिजास संपली. देश आपल्या उसावर चालनार."

"तुमची गाडी तेवढी सोडून," मजीदभाई बॉनेट उघडत म्हणाला. "नव्या गाड्यायला सोसतं हे. तुमच्या रबरी पाइपाचा पार चिखल झालाय. आन् स्पिरिट पाणी ओढतं, ते टाकीच्या तळाला बसलंय. अॅव्हरेज काय देती?"

"उतरलं जरा," काकासाहेब हळूच म्हणाले. "पन उसाला गिऱ्हाईक लागलं, ते बघा की."

"टाकी रिकामी करावी लागंल."

"मंग ओढा."

"दारू हाय त्यात. मला चालत नाय."

"आवो, माझ्या शेतातला ऊस हाय त्यो."

"मंग तुमीच ओढा."

काकासाहेबांचा हात माळेकडे गेला. "मी माळकरी मानूस. ऊस घालनं येगळं, तोंड लावनं येगळं."

अख्ख्या मुलखातल्या टाक्यांना पाजणारा माणूस एका घोटाला भ्याला. शेवटी समोरच्या हार्डवेअरवाल्या बद्रीनाथनं हातानं दाबायचा प्लास्टिकचा पंप आणून दिला. दहा मिनिटांत टाकी कोरडी झाली. पाइप बदलला, नवं पेट्रोल पडलं, गाडी सुरू झाली.

काकासाहेब आत बसले, पण निघाले नाहीत. काढलेल्या पेट्रोलची बाटली मजीदभाईच्या हातात होती. "आता सांगा, हे पानी पंपावरच घातलेलं, का टाकीत झालेलं? तुमी म्हनाल त्या पंपावर जाईन."

मजीदभाईनं बाटली उजेडात धरली, हलवली, हुंगली. थेंबभर जिभेवर ठेवला असता तर लगेच सांगितलं असतं. काहीतरी ठोकूनही देता आलं असतं, त्याच्या शब्दावर कुणी शंका घेतली नसती. त्याला फार वाईट वाटलं.

"मला नाय कळत," तो म्हणाला.

"तुमालाच नाय कळलं तर इचारायचं कुनाला?"

"मोठ्या गॅरेजात न्या, काकासाहेब. तिथं मशीन हाय. मशीनला नमाजला जावं लागत नाय."