शंभर आणि शंभर मिळून पन्नास

साहेबाने कधी तुम्हाला "एकेकटे आत या" म्हटलंय? आणि तुम्ही गेलात? मग हे वाचाच.

मीटरबाई कारखान्यात रेझिस्टर तपासायची. तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू, पोटावर रंगीत पट्ट्या, दोन्हीकडे तारेचे पाय. विजेची वाट अडवायची, एवढंच तिचं काम. ती किती अडवते, ते पट्ट्यांच्या रंगावरून कळतं. बाई रंग वाचून माल निवडायची आणि मुठीतले चार-दोन मीटरला लावून बघायची. नवरा गेला, तेव्हापासून हाच आधार. शेजारच्या खुर्चीवर धाकटी जाऊ. तिला बाईनेच चिकटवलेलं.

आमची ओळख झाली ती भांडणातून. गेटवर युनियनच्या सभेत मी गळा फाडत होतो, "जितके जास्त, तितका विरोध जास्त!"

"भाऊ, घसा सांभाळा," ती म्हणाली. "तुमचं भाषण मोजून दाखवते."

पिशवीतून तिने जुना मीटर आणि शंभर-शंभर ओहमचे दोन रेझिस्टर काढले. एकामागे एक जोडले, काटा दोनशेवर. मग शेजारी-शेजारी धरून दोघांचे पाय दोन्हीकडे एकत्र पिळले. काटा पन्नासवर.

"मीटर बिघडलाय."

"मीटर नाही, डोकं. करंटला दोन वाटा मिळाल्या ना! तिसरा लावा, आणखी उतरेल. किती आहेत ते काय मोजता, उभे कसे आहेत ते बघा."

मला कुणी शिकवलेलं सोसत नाही. त्या दिवशी मात्र मीटर हातात घेऊन स्वतः पुन्हा जोडून बघितलं.

पुढे तिचे डोळे अधू झाले. लाल आणि तपकिरी पट्टी एकच दिसायला लागली. जाऊ ओठ न हलवता पुटपुटायची, "लाल, ताई." तरी भरवसा नको म्हणून बाई एकूण एक नग मीटरला लावायची. हात मागे पडला आणि साहेबाच्या डोळ्यावर आला. तिला काढणार, अशी कुणकुण लागताच सगळ्या बायका उठल्या. "मीटरबाई गेली तर आम्हीपण घरी!"

साहेब गोड हसला. "ऐकतो की. प्रत्येकीचं नीट ऐकतो. एकेकटी आत या."

त्या गेल्या. कुणाला सकाळची पाळी मिळाली, कुणाला खिडकीजवळची खुर्ची. जाऊला नुसता प्रश्न मिळाला, "तिला रंग तू सांगतेस ना? मग दोघींना काढू?" ती बाहेर आली ती खाली मान घालून. संध्याकाळपर्यंत सगळ्या आपापल्या जागी बसल्या होत्या. एकच खुर्ची रिकामी.

मी जाऊच्या अंगावर धावून गेलो. बाईनेच माझा दंड धरला. "तिला नका बोलू. पदरात दोन लेकरं आहेत. वाट दिली की करंट जाणारच."

आता घर एक, चूल एक, बोलणं बंद. जाऊ ताट सरकवते आणि आत निघून जाते. बाईला फक्त उजेड-अंधार कळतो.

परवा गेलो तेव्हा तिने चाचपडत तेच दोन रेझिस्टर जोडले. "एकामागे एक लावलेत बघा. भाऊ, काटा कुठे आहे?"

पाय चुकले होते. काटा पन्नासवर होता.

"दोनशेवर," मी म्हणालो.

ती हसली. दाराआडून जाऊचा हुंदका ऐकू आला.

तुम्हालाही बोलावणं येईल. त्या दाराशी पोचलात की मागच्याचा हात घट्ट धरा, आणि आत जायचं तर सगळे मिळूनच जा. एवढं करा.