बदलून मिळालेले पंप

बार्शीटाकळीजवळच्या आमच्या शेतकरी गटासाठी फवारणीचे पंप मी घ्यायचो. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका दुकानदाराशी आमचा करार होता. त्यातलं एक कलम सगळ्यांना फार आवडलं होतं: बिघडलेला पंप विनातक्रार बदलून मिळेल.

पंप बिघडायचे ते एकाच जागी. झाकणाचा वायसर फुगायचा आणि औषध फवारणाऱ्याच्या पाठीवर ओघळायचं. फोन केला की दुसऱ्या दिवशी दुकानदार स्वतः नवा पंप घेऊन हजर. नवाही त्याच कारखान्याचा, तसल्याच वायसरचा. थोड्या दिवसांनी तोही गळायचा, तोही बदलून मिळायचा. शब्द पाळणारा माणूस आमच्याकडे इतका दुर्मीळ, की वार्षिक सभेत आम्ही त्याला शाल-श्रीफळ दिलं. भाषण मी केलं. टाळ्याही बऱ्या पडल्या.

गटाची बरीचशी फवारणी माझा धाकटा भाऊ करायचा. सभेहून घरी येताना तो म्हणाला, "दादा, बदलून देते हे खरं. पन पाठ त माह्यी ओली होऊन राहिली ना."

"उद्या सांगतो त्याले," मी म्हणालो. सांगितलंही. पंप बदलून आला.

पुढे कपाशी फवारताना एका दुपारी भाऊ शेताच्या धुऱ्यावर, बांधाला टेकून बसला, ओकला, आणि पुन्हा उठला नाही. अकोल्याच्या दवाखान्यात त्याचा भिजलेला सदरा कापून काढला. तिथेच तो गेला. मी रडलो नाही. अजूनही रडलेलो नाही. लोक म्हणतात मी धीराचा आहे. लोकांना काय, काहीही म्हणतात.

पुढच्या हंगामाआधी मी करारात नवं कलम घातलं: एकच दोष दुसऱ्यांदा निघाला, तर नुसता तो पंप बदलून चालणार नाही. सगळे पंप परत, आणि दोष काढल्याचं दाखवल्याशिवाय नवा एकही घेणार नाही. दुकानदार हुज्जत घालेल म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. त्याने चष्मा लावून वाचलं आणि सही केली.

"पहिलेच म्हटलं असतं त तवाच लिहून देल्लं असतं, भाऊ," तो म्हणाला. "कोनं मांगितलंच नाही."

तो खोटं बोलत नव्हता. मला राग यायला हवा होता. आला नाही. त्याने चहा मागवला, मी प्यालो.