बघण्याचा तास

लातूर नवा जिल्हा झाला, वडिलांना कलेक्टर कचेरीत जीप चालवायची नोकरी लागली आणि आम्ही नगरकडचं गाव सोडून इकडे आलो. सगळे खुश होते, एक आई सोडून. गावाकडच्या चर्चमध्ये वेदीमागच्या लहानशा पेटीत पवित्र भाकर, आमच्या लेखी साक्षात प्रभूच, कायम ठेवलेली असायची आणि तिच्याशेजारी तांबडा दिवा रात्रंदिवस जळायचा. दिवा जळतोय म्हणजे प्रभू घरात आहे, इतकं ते साधं होतं. शेतातून परतताना आई तिथे घडीभर डोकावायची, वाटेत माहेर लागल्यासारखी.

लातुरात आमची कॅथलिक घरं बोटांवर मोजण्याइतकी. चर्च नाही, पेटी नाही, दिवा नाही. "नव्या जिल्ह्यात समदी हापिसं आली," आई वडिलांना म्हणायची, "आमच्या प्रभूचीच तेवढी बदली झाली न्हाई."

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी उदगीरहून फादर एसटीने यायचे. आमच्याच पुढच्या खोलीत मिस्सा, म्हणजे भाकर पवित्र करून वाटायची उपासना, व्हायची. मग रेक्झिनच्या पिशवीतून ते सोनेरी किरणांचं उभं पात्र काढायचे, त्याच्या मधल्या काचेत पांढरी गोल भाकर बसवायचे आणि टेबलावर ठेवायचे. तासभर सगळ्यांनी गुडघे टेकून तिच्याकडे बघत राहायचं. हीच आराधना. तास संपला की फादर ती भाकर स्वतः ग्रहण करायचे, कारण ठेवायला जागाच नव्हती. पात्र पिशवीत जायचं आणि पिशवी एसटीत. टेबलावरचा पांढरा रुमाल मात्र आई दिवेलागणीपर्यंत काढायची नाही. तिथून जाता-येता ती रुमालावर हात फिरवायची.

मला तो तास नकोसा व्हायचा. गुडघे सोलवटायचे, आणि खायची वस्तू समोर ठेवून नुसती बघत बसायची हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. दुष्काळाचे दिवस होते, घरात भाकरीबरोबर कोरड्यास करायलाही धड काही नसायचं. एकदा मी चिडून विचारलं, "बघून पोट भरतं व्हय गं?"

"भरत न्हाई," आई म्हणाली. "भूक लागती."

मला वाटलं थट्टा करतेय. पण थट्टा करायचं खातं माझं होतं, तिचं नव्हे.

त्या उन्हाळ्यात पाणी टँकरने यायचं, तेही टँकरवाल्याच्या मर्जीने. एका शुक्रवारी आराधना नुकती सुरू झाली होती आणि गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. माणसांनी आधी एकमेकांकडे बघितलं, मग दाराकडे. फादरांनी मानेनेच खुणावलं, जा. बघता बघता खोली रिकामी झाली. साक्रामेंत, म्हणजे ती पवित्र भाकर, असं उघडं ठेवलेलं असताना त्याला एकटं सोडायचं नाही, समोर कुणीतरी हवंच, असा आमचा नियम. पण फादर होते की बसलेले. आईने उठायला काहीच हरकत नव्हती. रांजण कोरडा ठणठणीत, वडील साहेबांना घेऊन दौऱ्यावर. मी तिचा पदर ओढला.

"महिन्यानं आलाय तो," ती डोळे न हलवता पुटपुटली. "पाणी काय, उद्या बी येईल."

उद्या येणार नव्हतं. ते तिलाही ठाऊक होतं. मला इतका राग आला की टेबलावरचा तो सोनेरी पाहुणा एकदाचा जावा असं वाटलं.

मी आमच्या घागरी ओढत दाराशी आणल्या, तर शेजारची खाला चपला काढून उंबऱ्याबाहेर उभी. ती शिवणकाम करायची, आमची भिंत एकच. तिने आत एकदा बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "इबादत चालू हाय तुमची. उठू नका. म्या भरते." माझ्या हातातल्या घागरी घेऊन ती गेलीसुद्धा. परतली तेव्हा आमच्या घागरी काठोकाठ होत्या आणि तिची शेवटची अर्धी. पुढे तिच्या नमाजाच्या वेळी टँकर आला की आई तिच्या घागरी घेऊन रांगेत उभी राहायची.

पुढे बऱ्याच वर्षांनी चर्च झालं, फादर तिथे राहायला आले आणि तांबडा दिवा लागला. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पण तोवर आईने अंथरूण धरलं होतं. घशाचं दुखणं, पाण्याचा घोटही उतरेना. दिवा लागल्याचं मीच तिला सांगितलं. तिने "तांबडाच हाय ना?" एवढं विचारलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

एका सकाळी नवे फादर छोट्या डबीत पवित्र भाकर घेऊन घरी आले. त्यांनी अगदी कणभर तुकडा पुढे केला. आईने मान हलवली. गिळता आला नाही, बाहेर पडला तर, या भीतीने तिने ओठ घट्ट मिटले होते. फादर बिचारे गोंधळले आणि डबी मिटू लागले. तेवढ्यात आईने हात उचलून टेबल दाखवलं.

मला कळलं. मी कपाटातून तो पांढरा रुमाल काढून अंथरला. फादरांनी उघडी डबी त्यावर ठेवली आणि गुडघे टेकले. खाला उशाशी बसली होती. तिने आईची मान आपल्या हातावर उचलून धरली, तिला नीट दिसावं म्हणून. आई बघत राहिली. मी तिच्याकडे बघत राहिले, आणि तो तास संपूच नये असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

शेवटी फादर उठले आणि तिच्या वाटची ती भाकर त्यांनी माझ्या जिभेवर ठेवली. मी लहानपणी जेवायला बसले की आई जशी माझ्या तोंडाकडे बघायची, तशीच तेव्हाही बघत होती.

आता दर शुक्रवारी मी त्या दिव्यासमोर तासभर बसते. गुडघे अजूनही दुखतात. बघून भूक लागते हे आईचं म्हणणं खरं निघालं. प्रभू मला समजून घेवो, पण मला भूक लागते ती तिची.