होऊन राह्यलं

आजोबांच्या जुन्या मोटारीत नवं सहा सिलेंडरचं इंजिन बसवायला आर्णीच्या त्या मिस्त्रीनं सात महिने लावले. कधीही विचारा, हात पायजम्याला पुसत एकच उत्तर: "होऊन राह्यलं ना, भाऊ!" डोकं फिरायचं.

एके दिवशी गॅरेजात मोटारच नव्हती. सापडली ती कापूस खरेदी केंद्राच्या रांगेत, काचांपर्यंत कापूस कोंबलेली. कापसाच्या पडत्या भावामुळे बैलजोडी विकावी लागलेल्या, मिस्त्रीच्या शेजारच्या काकूंचा कापूस.

"हे काय?" मी मिस्त्रीवर ओरडलो.

"ट्रायल घेऊन राह्यलो. इंजिन वझ्यावरच समजते. तुमी रांगेत थांबा, मी चहा पेऊन येतो."

संध्याकाळी काकू आल्या. "माप झालं का, भाऊ?"

माझ्या तोंडून निघालं, "होऊन राह्यलं ना, काकू!"