अर्ध्या गोळीवरची कोकिळाकाकू

मी पुष्पांजली, गावची आरोग्याचं काम पाहणारी आशाताई. माही जीभ तिखट आहे, हे नांदुऱ्याच्या दवाखान्यापर्यंत सगळ्यायले माहीत आहे. पण कोकिळाकाकूनं मले गप्प केलं, ते सांगतो.

काकू अडुसष्ट वर्षांची. सारा जलम घरच्याच वावरात कापूस वेचला, पैसा नवऱ्याच्या, वामनरावकाकाच्या खात्यात. काका माणूस वाईट नाही. चार वर्षांपूर्वी त्यायले बीपी निघाला तसा घरभर बोभाटा झाला, भाजी अळणी झाली. मी दर महिन्याले सरकारी गोळ्या नेऊन द्यायची, काकाचा काही केल्या न उतरणारा बीपी मोजायची अन् काकूच्या हातचा चहा पिऊन निघायची.

यंदा वेचणीत काकू चक्कर येऊन पडली. महाराजाची कृपा, कापसाच्या गाठोड्यावर पडली. मी धावत जाऊन बीपी मोजला, तर आकडा दोनशेच्या वर.

"डोकं कवापासून दुखते व काकू?"

"झाले दोन-तीन वर्षं. पण मी रोज अर्धी गोळी घेतो ना."

"कोणती अर्धी?"

"ह्यायचीच. अडकित्त्यानं तोडतो. मोठा तुकडा त्यायच्या ताटात, बारका मले. घराले कार्ड एकच आहे ना, ह्यायच्या नावाचं."

व माय! रेशनकार्डासारखंच बीपीचं कार्डही घरटी एक असते, असं ती समजून बसली होती. खासगी डॉक्टरकडे जायले हाती पैसा नाही, अन् नवऱ्याले मागायची सवय नाही.

मी काकावर उखडली. "ताटात तुकडा दिसत नव्हता तुमाले? तुमचा बीपी काऊन उतरत नव्हता, समजलं आता?"

दुसऱ्या दिवशी काकानं काकूले ऑटोत बसवून दवाखान्यात नेलं, स्वतः लाइनीत उभे राह्यले. नर्सबाईनं नाव विचारलं तर सवयीनं आपलंच सांगितलं. मंग म्हणाले, "नाही, कोकिळा लिहा. वय तिलेच विचारा, मले ठाऊक नाही."

आता काकूचा बीपी ताब्यात आहे. परवा तिनं माह्या पदरात शेरभर तूर टाकली. म्हणे, "तुह्यामुळं वाचली व पोरी."

मले लाज वाटली. म्हटलं, "काकू, चार वर्षं दर महिन्याले तुह्या घरी येऊन राह्यली, तुह्या हाताले बीपीचा पट्टा एकदाही बांधला नाही मी."

ती हसली. "पण विचारलं तर तूच. माह्या दुखण्याचं आजवर कोणीच विचारलं नव्हतं."