आडमुठा नट आणि आईचं सीमोल्लंघन

मी हाडांचा डॉक्टर आहे. लोकांच्या खुब्यात नि गुडघ्यात स्क्रू घालणं आणि कुणीतरी घातलेले काढणं, यावर माझं घर चालतं. त्यामुळे गॅरेजवाल्याने फोनवर "पुढच्या आठवड्यात आणा" असं सांगितलं, तेव्हा मला हसूच आलं. आमच्या गाडीच्या पुढच्या चाकामागे फूटभर लांबीची एक दांडी असते, तिच्या दोन टोकांना दोन नट. दांडीचा सांधा झिजला होता. जुनी काढायची, नवी लावायची.

"यात आहे काय?" मी बायकोला म्हणालो. "माणसापेक्षा गाडी बरी. रक्त तरी येत नाही."

"माणसाला भूल देता येते," ती म्हणाली. "इथे तुझ्या शिव्या सगळ्या रोडला ऐकू येतील."

पुढचा आठवडा चालणार नव्हता, कारण आईचं नागपूरचं विमान दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती आमच्याकडे लंडनजवळ वॉटफर्डला आली, तेव्हाच मी तिला समुद्र दाखवायचं कबूल केलं होतं. मग कधी माझी ऑन-कॉल ड्यूटी, कधी पाऊस, कधी पाहुणे. आई स्वतःहून काही मागत नाही. फक्त एकदा तिने माझ्या बायकोला विचारलं, "काय गं, इकडचा समुद्र पण खारटच असते का?" बायकोने ते मला रात्री जेवताना सांगितलं. मग ठरलं, दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं ते थेट ब्रायटनच्या किनाऱ्यापर्यंत.

आणि नेमका तेव्हाच गाडीने खटखटाट सुरू केला. आमच्या रस्त्यावर जितके स्पीड हंप, तितके खटके. आईला वाटायचं, डिकीत कुणी स्टीलचा डबा विसरलंय. असली गाडी घेऊन मी आईला मोटरवेवर नेणार नव्हतो. बायको म्हणाली, भाड्याची घेऊ. आई म्हणाली, "लोकाच्या गाडीनं कायचं सीमोल्लंघन?" विषय संपला.

तर दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी सुट्टी काढली, ड्राइव्हवेवर गाडी जॅकवर चढवली, खाली स्टँड लावले, चाक काढलं आणि नवेकोरे पाने ओळीने मांडले. खालचा नट पहिल्याच झटक्याला सुटला. मी खिडकीकडे बघून बायकोला अंगठा दाखवला. ती लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होती, तिने पडदा ओढला.

वरचा नट मात्र जातीचा आडमुठा निघाला. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ते सगळं त्याने गिळलेलं दिसत होतं. नट फिरवताना आतला बोल्टही त्याच्याबरोबर गोल गोल फिरतो, म्हणून बोल्टच्या टोकातल्या खाचेत अॅलन की, म्हणजे वाकडी षटकोनी सळई, घालून तो धरून ठेवायचा असतो. मी धरला, जोर लावला, आणि कर्रकन आवाज आला. मला वाटलं सुटला. सुटलं काहीच नव्हतं. बोल्टच्या टोकातली खाच झिजून गुळगुळीत झाली होती. मग मी चिडून मोठा पाना घातला, त्याने नटाचे कोपरेही गेले. आता ना नट पकडता येत होता ना बोल्ट. दोघे मिळून आनंदाने फिरत होते.

ऑपरेशन थिएटरमध्येही असं होतं. तिथे मी फक्त हात पुढे करतो आणि हवं ते हत्यार सिस्टर तळव्यावर ठेवते. इथेही मी सवयीने हात मागे केला आणि म्हणालो, "सोळा नंबर." बराच वेळ काही आलं नाही. मग तळव्यावर काहीतरी गरम पडलं. पाहिलं तर साबुदाणा वडा. मागे आई उभी होती.

"खाऊन घे," ती म्हणाली. "केव्हाचा खटपट करून राहिला."

इतक्यात हॉस्पिटलमधून फोन आला म्हणून मी हात पुसत घरात गेलो. परत आलो तर ड्राइव्हवे साफ. एक पाना नाही, हातोडी नाही, नवी दांडीसुद्धा नाही. भरदिवसा चोरी! मी बायकोला ओरडून सांगितलं, पोलिसांना फोन लाव. तिने हेडफोन न काढता बोटाने पुढची खोली दाखवली.

कॉफी टेबलावर स्वच्छ टॉवेल अंथरला होता. त्यावर माझे पाने, हातोडी, पक्कड, अॅलन की, सगळं भांड्यांच्या साबणाने धुऊन, खोबरेल लावून मांडलं होतं. प्रत्येकाला हळदीकुंकू. नवी दांडी मधोमध, तिला सुपरमार्केटची शेवंती. मागे देवीची तसबीर, समोर उदबत्ती. बाजूला माझा स्टेथोस्कोपही होता. तो मी वर्षभर शोधत होतो.

"आज खंडेनवमी आहे," आई म्हणाली. "आज हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर राबतात बिचारे."

"वर्षभर? आई, हे मी शनिवारी आणलेत!"

"मग काय झालं? पुढं राबतीलच ना."

मी आवाज चढवला. "अगं, तुला समुद्र बघायचाय ना? गाडी तीन चाकांवर उभी आहे!"

"पाहायचा आहे ना बाप्पा," ती शांतपणे म्हणाली. "पण देवीसमोरून पाना उचलून नाही पाहायचा. उद्या सकाळी उत्तरपूजा झाली की घे."

उद्या सकाळी मी घ्यायचे कधी, तो नट सुटायचा कधी आणि आम्ही निघायचं कधी? मी सोफ्यावर बसलो. मोठमोठ्या सर्जनसमोर मी हरत नाही, पण आईच्या उदबत्तीपुढे माझं काही चालत नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मग दाराकडे बघितलं. मग अगदी हळू, देवीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "शेजाऱ्याकडं नसतील का रे हत्यारं? त्याची कुठं नवमी आहे?"

मी तिच्याकडे बघतच राहिलो. माझी आई एकादशीला औषधाची गोळीसुद्धा उपासाला चालते का ते विचारून घेते. तिने आज स्वतःच पळवाट शोधली होती. तिला तो समुद्र किती हवा होता ते मला तेव्हा कळलं.

शेजारी एक निवृत्त इंग्रज आजोबा राहतात. त्यांच्या शेडमध्ये प्रत्येक हत्याराची खिळ्यावर ठरलेली जागा आहे. मी लोखंड कापायची करवत मागितली. त्यांनी आमच्या ड्राइव्हवेवर सकाळी मांडलेला पसारा पाहिला होता. त्यांनी भुवई वर केली. "हॅवन्ट यू गॉट टूल्स?"

"आय हॅव," मी म्हणालो. "दे आर बीइंग वर्शिप्ड."

"राइट," ते म्हणाले. इंग्रज माणूस 'राइट' म्हणतो तेव्हा त्याला पुढचं काही ऐकायचं नसतं. करवत माझ्या हातात देताना मात्र त्यांना राहवलं नाही. "धिस वन वर्क्स टुडे, डझ इट?"

मग झिमझिम पावसात चाकाच्या पोकळीत डोकं घालून मी करवत चालवत बसलो. आई पाठीवर छत्री धरून उभी होती. माझी बोटं सोलली, तिने त्यावर हळद दाबली. जखमेला हळद लावू नका असं मी पेशंटना सांगतो ते मी तिला सांगितलं नाही. हात भरून आले, शिव्यांचा साठा संपला, आणि अखेर टण्ण आवाज करत नट खाली पडला. आईने टाळ्या वाजवल्या. मग वाकून दोन्ही जुने नट उचलले. मला वाटलं, कचऱ्यात टाकायला नेतेय.

दसऱ्याच्या सकाळी आईने उत्तरपूजा उरकली आणि कुंकवाने माखलेले पाने माझ्या हवाली केले. नवी दांडी मुकाट्याने बसली. शेवंतीचा हार बॉनेटवर चढला. पहिल्या स्पीड हंपला तिघांनीही श्वास रोखला. गाडी वर गेली, खाली आली. आवाज नाही.

"डबा काढला वाटते डिकीतून," आई म्हणाली.

लंडनभोवतीच्या एम-ट्वेंटीफाइव्ह मोटरवेला लागल्यावर तिने विचारलं, वॉटफर्डची शीव कुठं आहे? मी म्हणालो, हीच समज. तिने ट्रकच्या रांगांना हात जोडले.

ब्रायटनला वाळू नाही, नुसते गोटे. "ही काय चौपाटी? हे तर बांधकामावरचं सामान आहे," असं म्हणत आई माझा हात धरून पाण्यापर्यंत गेली. वाकली, बोट बुडवलं, जिभेला लावलं.

"खारटच आहे," ती म्हणाली आणि मनापासून हसली.

परत फिरताना गोट्यांवरून तिला आधार द्यायला मी सवयीने हात पुढे केला. तिने तो धरला नाही. स्वेटरच्या खिशातून काहीतरी काढून तळव्यावर ठेवलं. कापलेला, कोपरे झिजलेला गंजका नट. वर कुंकवाचं बोट.

"इथं आपट्याची पानं कुठं मिळतात?" ती म्हणाली. "सोनं घे. आडमुठा आहे, तुलाच शोभते."

मी तिथेच गोट्यांवर वाकून तिच्या पाया पडलो. "आणि दुसरा?"

"तो माझ्या पर्समधे. घरी देवाजवळ ठेवते." तिने आता माझा दंड धरला. "सोनं द्यायला समोर माणूस नको का? पुढच्या दसऱ्याला नागपूरला ये, मग तो देईन."

मी हो म्हणालो. नट खिशात टाकला आणि गाडीपर्यंत खिशातला हात बाहेर काढला नाही. त्या पँटच्या खिशाला गंजाचा लाल डाग पडला, तो अजून निघालेला नाही.