कुंकू, सुई आणि नेटचा डबा

सातवीत शाळा सुटली तेव्हापासून माझी एक खोड आहे. कुठं काही बिघडलं की आधी वाटतं, हे आपल्याच हातून झालं असणार.

माझं गाव नंदुरबारकडं. सोलापुरात मालकीण अम्मांच्या घरामागं शेड आहे, त्यातले टॉवेलचे चार माग मी चालवतो आणि वरच्या खोलीत राहतो. आलो त्याच महिन्यात मला कावीळ झाली. दुसऱ्या कुणी गावच्या गाडीत बसवून दिलं असतं. अम्मांनी पंधरा दिवस उसाचा रस आणि मऊ भात दिला. म्हणून त्यांच्या घरातल्या वस्तूला हात लावतानाही मी बिचकतो.

खंडेनवमीला मी माग पुसले, हळदीकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. जे जे राबतं त्याची पूजा कर, असं अम्मांनी सांगितलं होतं. माळ्याखालचा नेटचा डबा तर कधी थांबतच नाही. आठ-नऊ वर्षांचा म्हातारा डबा तो. त्यालाही बोटं ओढली. थोडं कुंकू मागच्या बारीक भोकात गेलं. धोट्याच्या भोकात सुताचा कचरा अडकला की आम्ही सुईनं टोकरतो, तसंच इथंही टोकरलं. आत काहीतरी दबलं. डब्याचे सगळे दिवे गेले, मग एकेक करून परत आले. मी सुई खिशात घालून शेडमध्ये गेलो.

नेट बंद. दसऱ्याच्या सकाळी अम्मांना अमेरिकेतला मुलगा आणि नात फोनवर दिसायची, ती दिसली नाहीत. अम्मा नवी साडी नेसून फोनसमोर बसल्या होत्या.

दोन दिवसांनी नेटवाला आला. त्यानं जुनंच नाव, जुनाच पासवर्ड टाकून दिला आणि गेला. माझ्या स्वस्तातल्या फोनवर नेट लगेच आलं. अम्मांच्या फोनवर, जो मुलानं अमेरिकेतून आणून दिलेला, डब्याचं नावच दिसेना. शेजारच्यांची नावं दिसत होती, आपलंच नाही. डबा बंद करून चालू केला की कधी दिसायचं, कधी नाही. मी डबा खिडकीत ठेवला, कपाटावर ठेवला, अँटेना वाकवून बघितल्या. चूक माझी असेल तर सगळ्यांचंच बंद पडायला हवं होतं ना? आणि नसेल तर ते दिवे का गेले होते? डोकं चालेना. जेवण जाईना.

अम्मा हसून म्हणाल्या, "डबा तुझ्या बाजूचा झालाय बघ. मला ओळखच दाखवत नाही."

मला हसता आलं नाही.

शेवटी माझ्याच फोनवरून अम्मांच्या मुलाला व्हिडिओ कॉल लावला. त्यानं सगळं ऐकून विचारलं, "कुणी मागच्या भोकातलं बटण दाबून रिसेट केलं होतं का?"

अम्मांनी माझ्याकडं पाहिलं. वरच्या खोलीतली माझी वळकटी बांधलेली डोळ्यांसमोर आली.

"मी केलं," मी म्हणालो. "कुंकू काढायला सुई घातली होती."

तो समजावून सांगू लागला. डब्याच्या आतल्या प्रोग्रॅमला फर्मवेअर म्हणतात, आणि तो देशादेशाप्रमाणं वेगळा असतो. आपल्याकडच्या डब्याला रेडिओच्या स्टेशनांसारखे तेरा चॅनल असतात. अमेरिकेतून आणलेला अम्मांचा तो जुना फोन पहिले अकराच ऐकतो. डबा आपला आपण बारावर किंवा तेरावर गेला की त्या फोनला तो दिसतच नाही. मागच्या खेपेला त्यानं डबा सहावर बांधून ठेवला होता, ते माझ्या सुईनं पुसलं गेलं.

"सांगून गेलो नाही, ती चूक माझी," तो म्हणाला. "आता मी सांगतो तसं करा."

त्यानं सांगितलेले आकडे दाबून मी फोनवर डब्याच्या सेटिंगचं पान उघडलं. चॅनलपुढं इंग्रजीत ऑटो होतं, रिक्षावर असतं तेच, म्हणून वाचता आलं. ते काढून सहा केलं. थोड्या वेळानं अम्मांच्या फोनवर नाव उगवलं.

फोन इतकी वर्षं सोलापुरात राहून तिकडचंच कसं ऐकतो, हे मला अजून नीट कळलेलं नाही. अम्मांनाही नाही.

"फोनला राहू दे," त्या म्हणाल्या. "तू तरी इथलं ऐक. आधी जेवून घे."

मी जेवून आलो तेव्हा अम्मांनी आरशावरची एक टिकली काढून डब्याच्या त्या भोकावर चिकटवली होती. "पुढच्या नवमीला एवढंच कुंकू बास," त्या म्हणाल्या, आणि नातीला फोन लावायला बसल्या.